कानोसा

इंजिन बसलं एकदाचं.
साखळीला टांगून, शिव्या घालत,
शेवटचा बोल्ट रविवारी पहाटे.
औनेच्या व्हॅनमध्ये आता
औलूच्या एका बेकरीच्या गाडीचं इंजिन आहे,
धुताना त्याच्या फटींतून
पिठाचे खडे निघाले.

आणि जमिनीवर, वर्तमानपत्र पसरून,
उरलेल्या नळ्या.
जुनं इंजिन कार्ब्युरेटरचं,
दर हालचालीला त्याला एक बारीक नळी लागायची,
म्हाताऱ्याला गोळ्या लागतात तशी.
याला नाही लागत.
हे मोजूनमापून श्वास घेतं, कुणाला विचारत नाही.

दोन हीटरच्या, त्या जोडल्या.
ब्रेकची जाडी, तिला हात लावायचा नाही.
एक कोपरासारखी वाकलेली, कडक,
दाबली तर चिरते: फेकली.
जी तोंडं उघडी राहिली
त्यांना रबरी टोप्या घातल्या,
एकात तर नुसता बोल्ट खुपसला आणि वरून क्लॅम्प.
तरी एक नळी उरलीच.
हातभर लांब, दोन्ही टोकं शाबूत,
कुठून काढली आठवत नाही.
काढताना मी खुणेच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या.
हिची चिठ्ठी शेगडीपाशी सापडली,
तिच्यावर माझ्याच अक्षरात: "ही".

मंगळवारी कुह्मोला तपासणी.
तिथला माणूस तरुण आहे, वाकून बघतो.
बाहेर उणे चोवीस.
गाडी सुरू केली की धूर मागून निघायला हवा,
निघतो मागूनही,
पण बॉनेटखालूनही वाफ येते,
थंडी कुणाचं काही लपवून ठेवत नाही.
सांध्याचं गॅस्केट बदललं.
पुन्हा बदललं.
तापल्यावर वाफ थांबते,
लोखंड फुगतं आणि आपली चूक स्वतःच झाकतं.
गार झालं की पुन्हा तेच.

"टिक टिक करतंय," औने म्हणाली.
मला नाही ऐकू येत.
एकवीस वर्षं करवतीपाशी,
कानाला पट्टा लावायचा असतो हे
मुकादमाने सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.
जाड आवाज येतात. बारीक गेले.
पाखरं गेली, घड्याळ गेलं,
हेही त्यातलंच असणार.
हे मी तिला सांगितलं नव्हतं.
मेकॅनिकने असं सांगायचं नसतं.

तिने काही विचारलं नाही.
खाली वाकून ती उरलेली नळी उचलली,
एक टोक टोपीखाली, कानात,
दुसरं माझ्या हातात दिलं:
"फिरव. हळू. मी सांगते."
एकाहत्तर वर्षांची बाई,
पंचवीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
मागच्या बाकावर कोण रडतंय
ते आरशात न बघता ओळखणारी.

पहिल्या नळकांड्यापाशी: "नाही."
सांध्यापाशी, जिथे मी दोनदा गॅस्केट घातलं: "नाही."
"खाली... नाही. मागे ये.
थांब."
दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे,
भिंतीकडच्या बाजूला,
जिथे माझा हात जात नाही, नजर तर नाहीच.
आरसा धरला तेव्हा दिसली,
काजळाची एक बारीक रेघ
आणि स्टडच्या जागी
नुसतं भोक.

बेकरीवाल्याकडेच तुटलेला असणार.
तो ते टिक टिक घेऊन
किती हिवाळे पाव पोचवत फिरला असेल कोण जाणे.

ड्रिलने उरलेला तुकडा काढायला रात्र गेली.
औने कॉफी करत राहिली, तिसऱ्या किटलीला
साखर संपली.
पहाटे गार इंजिन सुरू केलं,
मी तिच्या तोंडाकडे बघत उभा.
ती बराच वेळ नळी धरून बसली होती.
मग मान हलवली,
नक्की कुठल्या अर्थाने ते मला कळलं नाही,
म्हणून मी पुन्हा विचारलं,
आणि ती मोठ्याने, जाड आवाजात,
बसच्या शेवटच्या बाकाला ऐकू जावं तसं
म्हणाली: "गप्प आहे, तूरे."

नळी तिने परत दिली नाही.
डॅशबोर्डवर ठेवली आहे, हातमोज्यांशेजारी.
तपासणीचा माणूस विचारेल, ही कशाची?
बघू काय सांगते ती.