डाख

म्हापशात, पोदेराच्या भट्टीवर माझी खोली.
खाली पहाटे तीनला पाव, वर दहाला चांदी;
दुपारपर्यंत फरशी कोमट असते
आणि माझ्या कर्णफुलांना, गिऱ्हाइकं सांगतात,
किंचित पावाचा वास येतो.

भाडं दर पाच तारखेला.
पर्यटकांना शिंपला हवा,
शिंपल्याला भोक हवं, भोकाला तार.
तेही करते.
मेजाखाली चामड्याची झोळी बांधली आहे,
करवतीखालचा कीस तिथं जमतो,
वर्षाकाठी मूठभर:
एका महिन्याचं विजेचं बिल.

शनिवारी वर्ग. चार स्टुलं, चार चिमटे, एक गॅस.
दातांचे निवृत्त डॉक्टर केंकरे, ज्यांच्या हातून
काहीही घडवलं तरी दाढच होते;
मृण्मयी, जी करण्याआधी फोटो काढते;
तिची मावशी, नुसती सोबतीला आलेली,
तिघांत तीच बरी.
आणि गेल्या मे महिन्यापासून इनासियु,
तारवटी, बत्तीस वर्षं जहाजांवर वेल्डर.

पहिल्या दिवशी माझी ज्योत पाहून हसला.
ही मेणबत्ती कुठल्या सायबिणीची?
मग खिशातून व्हिक्सची डबी काढली.
डबीत कापूस, कापसात लग्नाची मुदी,
एका जागी कातरलेली, तोंड वासून.
बहारीनजवळ बोट सुजलं, जहाजावरच्या डॉक्टरानं कापली.
"बायलेक सांगलां, दर्यांत पडली."
त्याला अकरा वर्षं झाली.

मी म्हटलं, द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.
त्यानं डबी मिटली.
"तूं करूं नाका. म्हाका शिकय."

सहा शनिवार तांब्यावर.
हात पोलादाला सरावलेला:
सांध्यावरच ज्योत रोखायचा, नेम धरल्यासारखी,
तांबं काळं पडायचं
आणि डाख गोळा होऊन कडेला बसायचा, रुसलेला.
मी तेच तेच सांगत राहिले,
जे बापानं भावांना सांगितलं होतं
आणि मी दाराआडून ऐकलं होतं:
सांधा तापवू नका, सगळं तापवा.
डाख उबेमागे आपण धावतो,
त्याला ढकलायचं नसतं.
"जहाजार अशें केल्लें जाल्यार बुडपाचे आशिल्ले," तो म्हणाला.

सातव्या शनिवारी सोनं.
बोट मधल्या काळात जाड झालेलं,
नुसतं तोंड मिटून भागणार नव्हतं,
तीन मिलिमीटर नवं सोनं हवं होतं.
कुणी मागितलं नाही.
मावशीनं पर्समधून तुटक्या बुगडीची दांडी काढली,
मेजावर ठेवली.
पडूनच होती, म्हणाली.

दोन सांधे, डाखाचे दोन कण, सवागीचा लेप.
मृण्मयीनंसुद्धा फोन खाली ठेवला.
खाली पोदेर मोठ्यानं उंडे मोजत होता.
सोनं आधी मंद, मग पिकल्या भिरंडासारखं लाल,
मग एक चमक सरकली, इकडून तिकडे,
पालीच्या शेपटीइतकी,
आणि इनासियुनं ज्योत मागे घेतली.
मी काही बोलले नव्हते.

सोलांच्या पाण्यात टाकली, घासली,
कानस, मग बारीक कागद, मग बोटाचा अंगठा.
सांधा मलाही सापडेना.
मुदी घालून तो हात लांब धरून उभा राहिला
आणि त्याचा चेहराच उतरला.
"आतां तिका किदें सांगूं?"
माशाच्या पोटात मिळाली म्हणा, डॉक्टर म्हणाले.
तोंडावर हात ठेवून आम्ही सगळे हसलो,
तोही, थोडा उशिरा.

पुढच्या शनिवारी आला. बोटात मुदी.
काय म्हणाल्या पियेदाद?
काही नाही. इसवण कुणाकडून घेतली, विचारलं.
तो स्टुलावर बसला, चिमटा उचलला, परत ठेवला.
आणि रात्री, दिवा मालवल्यावर म्हणाली,
ती व्हिक्सची डबी रिकामी झाली ना,
मग सुयांना दे.

मी गॅस उघडला.
मावशीनं काडी पेटवली.