चाळीस रुपये

सावंतवाडी सोडून दीड तास.
चौथ्या वळणावर पत्र्याची पडवी,
पाटीवर खडूने ‘मच्छी थाळी’
आणि दर कुणीतरी बोटाने पुसलेला.

आवडू राऊळ म्हणाल्या,
‘सोमवारी मासो घाट चढणा नाय.
पिठी आसा. चलात?’

चाललं.
कुळथाची पिठी, उकडा भात,
चुलीवर परतलेला जवळा,
ओल्या काजूंची उसळ, जे सोलून सोलून
त्यांच्या बोटांची टोकं काळी पडलेली.
तिरफळ दाताखाली आलं. जीभ
बराच वेळ दुसऱ्याच कुणाची होती.

भात तीनदा घेतला. वाढताना त्या
समोरच्या डोंगराकडे बघत होत्या,
गाय अजून उतरली नव्हती.

निघताना पैसे विचारले.
‘तांदूळ घरचे. कुळीथ घरचे.
काजी परड्यातले. तिरफळां रानातली,
तेंका खंयचो दर?
तेल, मीठ, जवळो,
ह्याच काय तां इकतचां.
चाळीस द्या.’

मी शंभराची नोट दिली. सुट्टे नव्हते.
त्या आत गेल्या, शेर घेऊन आल्या,
आणि साठ रुपयांचे कुळीथ किती
ते काही केल्या ठरेना, म्हणून
माझी पिशवी भरेपर्यंत
ओतत राहिल्या.