जास्तीचं वजन

फोन सांगतो : नागपूर ते बंगळूर,
हवाई अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आतबाहेर,
वेळ एक तास चाळीस मिनिटं.
उत्पला म्हणते, बघ आई,
मानेवाड्याहून कामठीला जाऊन यायला
एवढाच लागतो.
मी बघते. निळी रेघ, किंचित वाकलेली,
तिच्याखाली एकाही गावाचं नाव नाही.

माझे बाबा, शालिकराम गजभिये,
याच सोनेगावला रातपाळीचे हमाल.
टपालाची विमानं तेव्हा मध्यरात्री इथं भेटायची,
मुंबईचं, दिल्लीचं, कलकत्त्याचं, मद्रासचं.
पोती बदलायची
आणि जिकडून आली तिकडं परत.
बाबा कधी विमानात बसले नाहीत.
दारापर्यंत चढले, पाठीवर पोतं घेऊन,
आणि तेवढ्याच वेळा उतरले.

आम्ही विचारायचो, कलकत्ता किती दूर आहे?
ते खांदा चोळायचे.
"पावसाळ्यात लय दूर. कागद ओला झाला का पोतं जड होते.
उन्हाळ्यात जवळच हाये."
आणि दिल्ली?
"बारा महिने सारखीच. सरकारी कागद,
त्याले ओल धरत नाही."

मी भूगोलाच्या पेपरात हेच लिहिलं.
बाईंनी शून्य दिलं.
झिरो माईलच्या गावात
शून्याचं काय वाईट वाटून घ्यायचं.

आज मी काचेबाहेर.
तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत;
आमच्या घराण्यात दारापर्यंतच.
आत काट्यावर तिची बॅग, मग काउंटरवरच्या मुलीची मान
नाही म्हणून हललेली.
उत्पला फरशीवर बसली, चेन उघडली.
कपडे नाही काढले, चार्जर नाही, बूट नाही.
पिशवी घेऊन परत आली दाराशी,
शिपायाच्या आडव्या हातावरून मला दिली :
लाखोळीची डाळ, जवसाची चटणी,
आणि सरगुंडे, काडीवर मी वळलेले, आठ दुपारी.
"दोन किलो तीनशे जास्त होतं गं.
पुढच्या वेळी नेते. राग आला?"
नाही बाई, म्हटलं, पोचली की सांगजो.

विमान सुटल्याचं बोर्डावर उमटलं
तेव्हा बाकावरून उठले.
ऑटो वर्धा रोडला मेट्रोच्या खांबाखाली अडकला.
वरून काहीतरी घरघरत गेलं,
तिचंच असेल, नसेलही.
फोनवरची रेघ अजून तशीच,
एक तास एकतीस बाकी.
मी पिशवी या मांडीवरची त्या मांडीवर घेतली.

ऑटोवाला आरशातून म्हणाला,
मागं ठेवा ना काकू, जड असंल.
राहू द्या, म्हटलं.
उन्हाळा आहे,
एवढं काही जड नाही.