खालचं दिसेल अशी रेघ

लसींच्या फ्रिजचं रजिस्टर माझ्याकडे.
सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र,
चारही रकान्यांत चार पूर्णांक दोन.
माझ्या आधी सोनगिरे लिहायचा, तोही चार पूर्णांक दोन.
नोकरी सोडताना किल्ली दिली, निळा पेन दिला,
म्हणाला, हाच आकडा धर, कोणी विचारत नाही.

मुंबई नाक्यामागचं आमचं हॉस्पिटल, साठ खाटांचं.
अख्खा एप्रिल मी एका बैठकीत लिहिला,
समोर मिसळीचा तर्री गोठत होता.
दुसरा पाव संपायच्या आत तीस तारीख आली.

मे महिन्यात रणभिसे मॅडम आल्या,
शरणपूरच्या, नर्सिंगच्या प्रमुख म्हणून.
पायात कॅनव्हासचे बूट, चालण्याचा आवाज नाही.
रजिस्टरवरून बोट फिरवलं
तांदळातला खडा शोधावा तसं,
आणि एकही खडा लागला नाही
म्हणून थांबल्या.

‘वाघचौरे, अकरा तारखेला आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती.
आई पहाटेपर्यंत पुठ्ठ्याने वारा घेत होती.
इथे होती?’

मी म्हणालो, जनरेटर.
जनरेटरची वही त्यांच्या काखेत होती.
अकरा तारीख: बंद. बेल्ट तुटला.
खाली वॉचमनची सही, वाकडी, खरी.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी नुसतं पान माझ्याकडे फिरवलं.
‘बघ, महिनाभर एकच आकडा. किती सरळ रेघ.
वर आयसीयूत पडद्यावर अशी रेघ आली
तर तू मिसळ खात बसशील?’

मी व्हाइटनर आणायला उठलो.
‘नको. एकच रेघ मार, खालचं दिसेल अशी.
बाजूला आजची तारीख, तुझी सही.
चूक वाचता आली पाहिजे.’
एकशे वीस आकडे, एकशे वीस रेघा.
माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची केली,
एप्रिलमध्ये तर त्या या इमारतीतही नव्हत्या.

मोठे डॉक्टर म्हणाले, सोमवारी तपासणी आहे,
नवीन रजिस्टर शालिमारला साठ रुपयांत मिळतं.
‘मिळतं ना, सर.
अकरा तारीख मिळत नाही.’

त्या रात्रीनंतर टोचलेली सतरा बाळं निघाली.
फोन त्यांनी स्वतः लावले, उभ्यानेच:
पुन्हा आणा, पैसे नाहीत, चूक आमची आहे.
मखमलाबादहून एकाचे वडील आले,
ओपीडीत सगळ्यांदेखत अर्धा तास बोलले.
मॅडम ऐकत होत्या. मध्ये एकदाच
बाळाच्या डोक्यावरून सरकलेलं टोपडं नीट केलं.
मी खांबामागे होतो. त्यांनी मला पुढे बोलावलं नाही,
मागेही जाऊ दिलं नाही.

सोमवारी शेरा पडला. प्रमाणपत्र लांबलं.
माझी पगारवाढ राहिली.
त्यांच्या केबिनचा एसी दुरुस्तीला गेला
तो दिवाळीपर्यंत आलाच नाही.
सोनगिरे सिडकोत भेटला, हसला,
‘काय मिळालं?’
मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही नीट.

आता आकडे वरखाली असतात.
तीन पूर्णांक आठ. पाच पूर्णांक एक. कधी सहाच्या पुढे,
कोणीतरी दार उघडं ठेवून गप्पा मारल्या की.

परवा रात्री दोनला वीज गेली,
जनरेटर खोकला आणि बसला.
टॉर्च दातांत धरून वाचलं: आठ पूर्णांक सहा.
पेन कागदावर टेकलं, आणि हाताला
जुना आकडा येत होता, सवयीने,
पाठ केलेल्या पाढ्यासारखा.

आठ लिहिला. पूर्णांक. सहा.
मग फोन लावला.
पलीकडे झोपेतला आवाज:
‘लिहिलंस?’
हो.
‘बर्फाचे डबे काढ. निघाले मी.’