उतारा

गंगाखेडला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
दारावर पाटी : येथे सर्व प्रकारचे उतारे मिळतील.
पाटी रंगवली तेव्हा 'सर्व' या शब्दाचा
मी फार विचार केला नव्हता.

माझ्यापुरता उतारा म्हणजे सातबारा.
गट नंबर सांगा, खातेदाराचं नाव सांगा,
शिक्का समोरच्या खिडकीत.

पण चहाला कारखान्याचे देवकते केमिस्ट येतात,
बशीत फुंकर मारत म्हणतात,
औंदा उतारा पडला हो, साडेनऊवर आला.
बोलतात उसातल्या साखरेविषयी,
चेहरा असा, की घरात कुणाचा ताप हटेना.
समदभाईच्या जिनिंगमध्ये हाच शब्द रुईत मोजतात,
क्विंटलला चौतीस किलो, बाकी सरकी.
वडील तिथं काट्यावर होते. जन्मभर
त्यांच्या भुवयांवर उतारा बसलेला असे,
पांढरा.

आणि गल्लीतले दगडूमामा विंचवाचा उतारा द्यायचे.
मंतर कुणाला सांगितला नाही, जाताना घेऊन गेले.
आता सरकारी दवाखान्यात इंजेक्शन आहे.
त्याला कुणी उतारा म्हणत नाही,
कळ उतरते तरी.

परवा धारासूरहून केवळाबाई आली,
पदराआड नऊ वर्षांची लेक.
"उतारा पाह्यजे."
गट नंबर?
"गट नाही, बाबा. पोरगी रातच्याला दचकायली.
मास्तर म्हणले, हिला उतारा येईना.
आवसंला चौकात लिंबू टाकलं,
भाताचा मुटका टाकला, अंडं टाकलं.
येईनाच की."

मी हसलो नाही. हसू आलं होतं.
पोरीनं दप्तरातून पुस्तक काढलं,
पान एकेचाळीस, कोपरा चावलेला.
खालील उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा.

पान काचेवर पालथं ठेवलं,
दीडशे टक्के केलं,
अक्षरं चिंचोक्याएवढी झाली.
स्टुलावर बसून ती बोट सरकवत गेली.
'पर्जन्यमान'पाशी बोट थांबलं.
पर. जन. मान.
रांगेत गट नंबर एकशे बारावाले खोकले.
म्हटलं, थांबा जरा, उतारा चालू आहे.
पर्जन.
पर्जन्य.
मग 'मान' तिनं इतक्या जोरात म्हटलं
की देवकत्यांची बशी हिंदकळली.

दोन रुपये झाले.
केवळाबाईनं कागद घेतला
आणि माझ्यादेखत लेकीच्या तोंडावरून
तीनदा ओवाळला.

ओवाळलेला उतारा टाकून द्यायचा असतो,
मागं वळून पाहायचं नसतं.
तिनं घडी घालून कमरेच्या पिशवीत खोचला.
रस्ता ओलांडताना
पोरगी तर दोनदा वळली.
पाटीवरच्या 'सर्व'पाशी
तिचे ओठ अडलेले दिसले.