अठरा बाय चोवीस

निकुंभकाकांच्या दुकानात, भद्रकालीत,
तीनच प्रकारची माणसं फ्रेममध्ये जातात:
देव, नवरा-नवरी, आणि गेलेले.
मी काउंटरवर गुंडाळी ठेवली, रबर काढलं.
कागद पुन्हा गुंडाळून घ्यायला बघत होता.
त्यांनी एका कोपऱ्यावर टेप ठेवली, दुसऱ्यावर चहाचा ग्लास,
मी नको म्हणेपर्यंत ठेवलाच,
आणि चष्मा कपाळावरून खाली घेत विचारलं,
हे कुठलं? कोकण?

लाकडी पूल, निळसर संध्याकाळ,
खाली पाणी, पलीकडच्या टोकाला एक कंदील,
आणि अलीकडे, पाठमोरा, मी.
म्हणजे मी नाही. ज्याला मी चालवतो तो.

गेममधलं आहे काका.
मोबाइलवरचं?
नाही, टीव्हीला जोडून खेळतात ते.
अच्छा, म्हणाले, आणि माप घ्यायला लागले.
कुणाच्या घरी काहीही असू शकतं
हे चाळीस वर्षांत त्यांना कळून चुकलंय.

कॅनडा कॉर्नरच्या तन्वीरनं प्रिंट काढतानाच सांगितलं होतं,
फाइल लहान आहे, एवढी ताणली की फाटते,
जवळून बघाल तर चौकोन दिसतील.
मग जवळून बघणार नाही, मी म्हणालो.
पहिली प्रिंट काळवंडली.
पडद्याला उजेड आतून असतो, कागदाला बाहेरून मागावा लागतो,
असं म्हणून त्यानं दुसरीचे निम्मेच पैसे घेतले.

हाच पूल का, ते कुणी विचारलं नाही.
सांगतो.
त्या खेळात सगळीकडे मारामारी आहे,
जळता किल्ला आहे, दोन डोक्यांचा राक्षस आहे.
लावायचं तर त्याचं पोस्टर लाव, असं निनाद म्हणतो.
पण ह्या पुलावर कुणी येत नाही.
अंबडची सेकंड शिफ्ट सुटली की
साडेबाराला जेवून, आवाज बंद करून
मी तिथे जाऊन नुसता उभा राहायचो.
आठ तास बेअरिंगची मापं, पास, रिजेक्ट, पास, पास,
आणि इथे हे पाणी.
उभं राहण्याचे गुण मिळत नाहीत.

काका विचारत गेले. काच साधी की न चमकणारी?
कड सोनेरी की काळी?
मग हाताच्या सवयीनं: वर हाराला हूक ठेवू?
नको, मी म्हणालो,
आणि पाठमोऱ्या माणसासाठी उगाच घाबरलो.
बरं, मागे चिठ्ठी असते. चित्र कुणाचं, ते लिहून दे.

त्या रात्री मी शेवटची नावं पहिल्यांदा शेवटपर्यंत बघितली.
बावीस मिनिटं, एकदाही बटण न दाबता.
जपानी नावं, पोलिश नावं, मधेच कुणी एक देवधर,
मी ताठ झालो तोवर ती वर निघूनही गेली.
झाडं करणारे, दगड करणारे, धुकं करणारे.
कंदील कुणी लावला, ते कुठेच नाही.

सकाळी काकांना फोन केला. लिहा:
पूल. कंदील लावणाऱ्याचा.
लावणाऱ्याचा म्हणजे आडनाव का? त्यांनी विचारलं.
हो म्हणालो.

सिडकोतली आमची भिंत. पतसंस्थेचं कॅलेंडर बाजूला घेऊन
आईनंच खिळा ठोकला, माझा वाकला होता.
हात पुसत लांब जाऊन बघितलं.
हा असा किती वेळ उभा राहणार? जेवायला नाही का जायचं त्याला?
आता रोज फडकं मारताना
त्याच्या पाठीवरून जरा हलक्या हातानं जाते.

शनिवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली ती सात वाजले तरी आली नाही.
टीव्ही काळा. आईनं मेणबत्ती आणून टीपॉयवर ठेवली
तर ती काचेत उगवली, पुलाच्या मधोमध, हलत.
साधीच काच घेतली होती मी, दीडशे रुपये वाचवायला.
दोघं बघत बसलो.
तुझा कंदील काही कामाचा नाही, आई म्हणाली,
आणि मेणबत्ती थोडी डावीकडे सरकवली,
मग अजून थोडी.