अकरा सेकंद

सातपूरच्या मिसळीवर आम्ही चौघं.
दुसरा पाव मोडेस्तोवर विषय तिथंच येतो:
सातवा सामना, एक गुण मागे, अकरा सेकंद.

निरभवणे म्हणतो, डाव्या कोपऱ्यातून टाकला त्यानं.
छे, मधून! तोंडावर हात असताना! वाजिद कोकणी
बशीतलं लिंबू उचलून
उडी मारून दाखवतो
आणि गुडघा धरून खाली बसतो.
"बोर्डाला लागून गेला," मी म्हणतो, "आवाज आला होता."
हेमा काठे, एके काळची जिल्ह्याची खेळाडू,
नुसती शेव वेचत राहते.

आवाज कसला.
वाजिदच्या अब्बांचं दुकान, शटर अर्धं ओढलेलं,
सगळ्यांना हिरवट करून टाकणारा तो टीव्ही,
चेंडू त्याच्या हातात आला
आणि सव्वाआठचं लोडशेडिंग.
काळ्या काचेत आमचीच चार तोंडं, उघडी.
निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात,
टायरच्या जाहिरातीखाली, दोन ओळी.

निरभवणेचा पोरगा फोन पुढे करतो,
"काका, सापडला. लावू?"

हेमा फोन पालथा घालते.
"रस्सा आण रे," वाजिद ओरडतो,
आणि न बघताच
लिंबू माझ्याकडे फेकतो.